शिंग, ढाल आणि तलवार : एका पलटणीच्या बिल्ल्याची कहाणी



कोल्हापूर जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. आपल्या आजरा, गडहिंग्लज, चंदगड या डोंगराळ भागातील वाडीवाडीतून तरुण पोरे फौजेत गेली आहेत. संकेश्वरावरून बेळगावची वाट धरली की मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र लागते. तेव्हा रजेवर आलेल्या जवानाच्या टोपीवरील पितळी बिल्ला तुम्ही केव्हा ना केव्हा पाहिलाच असेल. त्यावर एक शिंग आहे, ढाल आहे, तलवारी आहेत आणि सिंह आहेत. परंतु ही चित्रे तेथे कशी आली, कोणी मिळविली आणि त्यांच्याशी आपला काय संबंध, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दामच विचारतो आहे. 'मराठा' हे नाव ऐकले की आपल्यातील पुष्कळांना वाटते, हे दुसऱ्यांचे घर आहे, आपण बाहेर उभे राहून पाहायचे. बाहेरचेही काही जण तसेच सांगतात. दोन्ही समजुती इतिहासाला धरून नाहीत. म्हणून या लेखात आपण तो बिल्ला हातात घेऊ आणि त्याचा एकेक भाग उलगडून पाहू.

प्रथम शिंग पाहू. बिल्ल्यावर दोरीने बांधलेले जे वाद्य दिसते, ते बिगुल होय. ही खूण मूळची आपल्याकडची नाही. अठराव्या शतकात युरोपातील फौजा सरळ रांगा धरून, नगाऱ्याच्या ठोक्यावर चालत. जंगलात आणि डोंगरात अशा रांगा निरुपयोगी ठरत. तेव्हा जर्मन मुलखातील शिकारी आणि रानवाटांचे राखणदार फौजेत घेण्यात आले. ते दोन-दोन, चार-चार जणांनी विखरून पुढे जात, झाडाआडून नेम धरीत आणि शिकारीच्या शिंगावर एकमेकांना इशारे देत. विखुरलेल्या शिपायांना नगारा ऐकू जात नाही, शिंग मात्र दूरवर ऐकू जाते. यातूनच 'लाइट इन्फंट्री' म्हणजे चपळ, हलके पायदळ निर्माण झाले आणि शिंग ही त्याची निशाणी ठरली. इंग्लंडमध्ये १८०३ साली सर जॉन मूर यांनी शॉर्नक्लिफ येथील छावणीत अशा पायदळाला नवे शिक्षण दिले. शिपायाला नुसते हुकमाचे यंत्र न समजता त्याला विचार करावयास शिकवावे, हे त्या शिक्षणाचे मुख्य सूत्र होते. लाइट इन्फंट्रीचे जवान आजही इतरांपेक्षा जलद चालतात. संचलनात नेहमीच्या पायदळाची मिनिटाला १२० पावले पडतात, तर त्यांची १४०च्या आसपास पडतात.

हे शिंग आपल्या पलटणीला फुकट मिळालेले नाही. त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

मुंबईच्या इंग्रज कंपनीने १७६८ साली देशी शिपायांच्या पलटणी उभारल्या. त्यांतील एक पुढे 'जंगी पलटण' या नावाने प्रसिद्ध झाली. तीच आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. तिच्या पाठोपाठ उभारलेली दुसरी पलटण 'काली पाचवी' म्हणून ओळखली जाऊ लागली. पूर्वी तिचा नंबर पाचवा होता आणि गणवेशाचे काठ काळे होते, म्हणून हे नाव. या पाचव्या पलटणीची एक तुकडी १८४० साली बलुचिस्तानातील मरी टोळीच्या मुलखात, काहान नावाच्या किल्ल्यात अडकली. कॅप्टन लुई ब्राऊन तिचा अधिकारी होता. शिपाई सुमारे १४०. चहूकडे उघडे डोंगर, मे महिन्यापासूनचा उन्हाळा, पाणी खराब, अन्न अपुरे आणि भोवती मरी लढवय्यांचा वेढा. सुटकेसाठी निघालेली फौज ३१ ऑगस्ट रोजी नफुस्क खिंडीत मार खाऊन परतली. तरीही त्या मूठभर शिपायांनी किल्ला सोडला नाही.

शेवटी मरींचा सरदार दोदा खान याच्याशी बोलणी झाली. किल्ला सोडावा आणि तुकडीला हत्यारांसह सुखरूप मैदानात जाऊ द्यावे, असा करार ठरला. सप्टेंबरअखेर तुकडी बाहेर पडली. रस्ता खिंडींचा, शिपाई उपाशी आणि आजारी. दोदा खानाच्या मनात दगा असता तर एकही माणूस परतला नसता. पण त्याने दिलेला शब्द पाळला. या पराक्रमाबद्दल १८४१ साली पाचव्या पलटणीला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. त्या बिगुलाच्या खुणेमागे दोन गोष्टी आहेत. एक, आत असलेल्या शिपायाचा चिवटपणा. दुसरी, बाहेर असलेल्या शत्रूचा सच्चेपणा. तो शत्रू आपल्या मुलखाच्या रक्षणासाठी लढणारा मुसलमान सरदार होता. आपल्या धर्मात करार पाळण्याला किती महत्त्व आहे, हे मी तुम्हांला सांगावयास नको. इंग्रजांच्या बखरीत शौर्याचा उल्लेख येतो. शब्द पाळणाऱ्याचाही मान राखावा, एवढे आपल्याला करता येईल.

आता ढाल आणि तलवारी. बिगुल परदेशी असला तरी ही आयुधे खास या मातीतली आहेत. ती मराठी रियासतीची आठवण देतात. या पलटणीची युद्धगर्जनाही छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची आहे. येथेच आपल्या मुलांच्या मनात शंका येते की, या ढाल-तलवारीत आपला वाटा कोठला?

उत्तर जुन्या बखरींत आणि कागदांतच आहे. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या पायदळाचा आरंभीचा सरनोबत म्हणून नूरबेग याचे नाव येते. पायदळाच्या पलटणीच्या बिल्ल्याविषयी आपण बोलत आहोत, हे लक्षात घ्या, म्हणजे या नावाचे महत्त्व कळेल. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट झाली, तेव्हा महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. १६६० साली पन्हाळ्याचा वेढा उठविण्यासाठी नेताजी पालकराबरोबर सिद्दी हिलाल लढला आणि त्या लढाईत त्याचा मुलगा शत्रूच्या हाती सापडला. पन्हाळा आपल्या जिल्ह्यातलाच. आरमारावर दौलतखान होता. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारद्याच्या हाती होते. समोर अहमदशहा अब्दाली होता. इब्राहिमखानाने पेशव्याची चाकरी पत्करली होती, तिच्याशी तो शेवटपर्यंत इमानाने राहिला आणि त्यापायी जिवाला मुकला.

अर्थात, यावरून त्या काळातील लढाया धर्माच्या नव्हत्याच किंवा त्या काळात कटुता नव्हतीच, असे म्हणणे भोळेपणाचे होईल. राज्ये होती, स्वार्थ होते, जुलूमही होते. पण ढाल कोणी उचलायची आणि मीठ कोणाचे खायचे, हे जातीधर्मावरून ठरत नव्हते, एवढे मात्र या नावांवरून सिद्ध होते.

इतिहास सांगताना अडचणीची बाजू लपवू नये. कंपनीच्या मुंबई फौजेतील शिपाई इंग्रजांच्या वतीने लढले. १७९९ साली श्रीरंगपट्टण येथे टिपू सुलतानाविरुद्ध ते होते आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांविरुद्धही होते. म्हणजे मराठी मुलखातील हिंदू-मुसलमान शिपायांनीच मराठी राज्य बुडविण्यास हातभार लावला. पोटाची चाकरी आणि देशाची चाकरी यांतील फरक त्या काळी स्पष्ट झालेला नव्हता.

पण तो फरक जाणणारेही त्याच फौजेतून निघाले. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या मुंबई देशी पायदळाने उठाव केला. त्याच वर्षी डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला. छत्रपती घराण्यातील चिमासाहेबांना इंग्रजांनी पकडून कराचीस नेले आणि ते पुन्हा कोल्हापूर पाहू शकले नाहीत. ज्या शिपायांना सरकारने शिस्त शिकविली, त्यांच्यापैकी काहींनी ती सरकारविरुद्ध वापरली. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात हे पान ठळकपणे वाचले पाहिजे.

यानंतर इंग्रजांनी फौजेची रचना बदलली. कोणत्या जातीजमातीचे किती लोक कोणत्या पलटणीत घ्यावयाचे, हे ठरविले जाऊ लागले. 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' असा भेद त्यांनी केला. तो शास्त्राला धरून नव्हता आणि न्यायालाही नव्हता. पण त्या रचनेतील एक गोष्ट आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीसारख्या पलटणींत देशावरचे मराठे आणि कोकणी मराठे यांच्या बरोबरीने दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. 'मराठा' हे पलटणीचे नाव होते आणि त्या नावाखाली दखनी मुसलमान शिपाई, हवालदार आणि सुभेदार चाकरी करीत होते. तोच बिगुल त्यांच्याही टोपीवर होता. एकाच बराकीत राहून, एकच मराठी बोलत, एकाच मुलखाची आठवण काढीत ते दिवस काढीत.

त्यांच्यावर सर्वांत कठीण प्रसंग पहिल्या महायुद्धात आला. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. तैग्रिस नदीच्या काठी कूत अल्-अमारा येथे तुर्की फौजेने त्यांना वेढले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. हिंदू आणि मुसलमान दोन्ही शिपायांनी आधी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातील पंडितांकडून आणि इमामांकडून परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. भुकेने हजारो माणसे खंगली. अखेरीस सुमारे १३,००० लोकांनी शस्त्रे ठेवली आणि त्यांतील पुष्कळ जण कैदेत, वाळवंटातील वाटचालीत मेले.

दखनी मुसलमान शिपायाच्या मनाची अवस्था तेव्हा काय झाली असेल, याची कल्पना करा. समोर तुर्कस्तान, जेथील सुलतान खलिफा मानला जाई. आजूबाजूला नजफ, करबला, बगदाद ही नावे, जी लहानपणापासून घरात ऐकलेली. आणि आपण उभे परक्या सरकारच्या बाजूला. त्याचा निवाडा आज आरामात बसून आपण करू नये. त्याच्या वाट्याला आलेल्या ओझ्याची जाणीव मात्र ठेवावी. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला. १९२२ साली या सगळ्या जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री बनविण्यात आली आणि बेळगाव हे तिचे केंद्र झाले.

दुसऱ्या महायुद्धात या पलटणींनी १९४१ साली एरिट्रियातील केरेनचे डोंगर लढविले. इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी जो पराक्रम केला, त्याबद्दल दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला.

आता बिल्ल्याचा सर्वांत वरचा भाग. इंग्रजी अमदानीत तेथे राजमुकुट असे. देश स्वतंत्र झाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा ही भारताची राजमुद्रा झाली. मुकुट उतरला, सिंह आले. बिगुल तोच, ढाल-तलवारी त्याच, पण चाकरी कोणाची, हा प्रश्न कायमचा मिटला. पूर्वी शिपाई राजाचा होता, आता तो घटनेचा झाला. त्या घटनेपुढे मराठा, महार, लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती सारे सारखे. माझ्या मते साऱ्या बिल्ल्यात हा बदल सर्वांत मोठा आहे. दिसावयास मात्र तो बोटभर जागेत मावतो.

याच सुमारास संस्थानांच्या फौजा भारतीय सेनेत विलीन झाल्या. कोल्हापूरची 'राजाराम रायफल्स' ही पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत आली आणि तिची १९ वी बटालियन झाली. म्हणून हा बिल्ला बेळगावइतकाच कोल्हापूरचाही आहे.

स्वतंत्र भारतात या खुणेला पहिली कसोटी काश्मिरात लागली. ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे अधिकारी ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान होते. ते उत्तर प्रदेशातील आझमगडकडचे. त्यांची मूळ बलुच पलटण फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली, परंतु त्यांनी भारत निवडला. त्यांच्या हाताखाली तिसरी पॅरा मराठा बटालियन लढत होती. २४ डिसेंबर १९४७ रोजी झांगड हातचे गेले. ते परत घेईपर्यंत आपण खाटेवर झोपणार नाही, अशी प्रतिज्ञा उस्मानसाहेबांनी केली आणि ऐन थंडीत ते जमिनीवर झोपू लागले. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेरा राखण्यात आले आणि १८ मार्च रोजी झांगड परत मिळाले. ३ जुलै १९४८ रोजी तेथेच तोफेचा गोळा लागून ते शहीद झाले. वयाची ३६ वर्षे पुरी व्हावयास बारा दिवस राहिले होते. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दिल्लीत जामिया मिलिया इस्लामिया या विद्यापीठाच्या आवारात त्यांची कबर आहे. एका शिक्षणसंस्थेच्या छायेत एक सेनानी विसावला आहे, ही गोष्ट आपल्यासारख्या शिक्षणप्रेमी लोकांनी मनात जपावी.

विचार करा, मराठी मुलखातील जवान छत्रपतींचा जयघोष करीत चढाई करीत होते आणि त्यांचा सेनापती होता मोहम्मद उस्मान. त्या जवानांना यात काही विसंगत वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे?

जुन्या मुंबई फौजेतून निघालेल्या इतर पलटणींचे बिल्लेही असेच बोलके आहेत. राजपुताना रायफल्सच्या बिल्ल्यावर बिगुलाबरोबर दोन कट्यारी आहेत. ग्रेनेडियर्सच्या बिल्ल्यावर पेटता हातगोळा आहे, कारण पूर्वी सर्वांत धिप्पाड शिपायांकडे हातगोळे फेकण्याचे काम असे. हाच हातगोळा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्या टोपीवर होता. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ जीपवरील तोफेने त्यांनी शत्रूचे रणगाडे फोडले आणि तेथेच प्राण दिले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. गाझीपूर जिल्ह्यातील एका शिंप्याच्या घरचा हा मुलगा होता. पराक्रम जातीच्या यादीत शोधणाऱ्या इंग्रजांना यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते हवे?

कोणी म्हणेल, आपल्या धर्मात चित्रांना आणि चिन्हांना मान देणे बसते काय? याचे उत्तर सोपे आहे. बिल्ल्याची कोणी पूजा करीत नाही. तो अमानत आहे. ज्यांनी आपल्या आधी तो धारण केला, त्यांची अब्रू आपल्या हाती सोपविलेली असते आणि ती न डागाळता पुढच्याच्या हाती द्यावयाची असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस' असे आहे. यांतील एकही शब्द असा नाही, जो आपल्या घरातील वडीलधारी मंडळी मुलांना शिकवीत नाहीत.

पालकांनो, आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली अशी की, ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबा फौजेत होते, त्यांनी त्यांची पदके, डिस्चार्जचे कागद, पेन्शनचे पुस्तक, गणवेशातील छायाचित्रे जपून ठेवावीत. ट्रंकेच्या तळाशी पडलेले हे कागद वाळवीला गेले, तर आपल्या वाट्याचा इतिहास आपल्याच हातांनी गेला म्हणून समजा. घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बसवून नाव, नंबर, पलटण, साल हे एका वहीत लिहून घ्या. ऐकीव बढाईच्या दहा गोष्टींपेक्षा शिक्का असलेला एक कागद अधिक बोलतो.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था आणि वसतिगृह काढविले आणि त्या कामात स्वतः लक्ष घातले. तलवारीच्या गादीवर बसलेल्या राजाने आपल्या मुलांच्या हाती पुस्तक दिले, यातील अर्थ खोल आहे. पूर्वी छाती आणि उंची मोजून भरती होई. आज त्याबरोबर लेखी परीक्षा असते. अधिकारी व्हावयाचे तर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा गणितावाचून आणि इंग्रजीवाचून पार पडत नाही. ती वाट आता मुलींनाही मोकळी आहे. २०२२ साली तेथे मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ जणी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबविण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

सगळ्यांनीच फौजेत जावे, असे माझे म्हणणे नाही. शिक्षक, डॉक्टर, वकील, शेतकरी यांचीही समाजाला तितकीच गरज आहे. पण जे जातील त्यांनी पाहुण्यासारखे जाऊ नये. शिंग दूरच्या शिकाऱ्याचे आहे, ढाल-तलवारी या मुलखाच्या आहेत, सिंह साऱ्या देशाचे आहेत. त्या पितळी तुकड्याखाली उभे राहण्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी काहानच्या उन्हाळ्यात, कूतच्या उपासमारीत आणि झांगडच्या थंडीत बजावलेल्या चाकरीने मिळविलेला आहे. तो हक्क ओळखावयाचा तर आधी इतिहास वाचावा लागतो आणि टिकवावयाचा तर अभ्यास करावा लागतो. ही दोन्ही कामे वर्गातील बाकावर बसूनच सुरू होतात.